गुण कुणाविरुद्ध?

मुठा गावातला एकोणीस वर्षांचा एक चढाईपटू डोळ्यांसमोर आणा. पिरंगुटहून लवासाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, टेमघर धरणाच्या अलीकडचं हे गाव. मुळशी तालुक्यातल्या या खोऱ्यात पाऊस बेफाट आणि शेती भाताची. दिवाळीनंतर खाचरं मोकळी झाली, की जत्रांचा आणि प्रकाशझोतातल्या सामन्यांचा हंगाम सुरू होतो. आपल्या या कल्पनेतल्या पोराकडे ‘उत्कृष्ट चढाई’चे तीन-चार चषक आहेत, त्यातला एक त्याच्या कमरेएवढा. एका चढाईत चौघांना बाद करून तो मध्यरेषेवर झेपावतो, ती चित्रफीत तालुकाभर मोबाइलवर फिरली आहे. कॉलेजच्या संघातून तो आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही खेळला आहे. गावाचं मत ठाम आहे: पोरगं प्रो कबड्डीत गेलंच पाहिजे.

गाव चुकीचं बोलतंय असं नाही. पण गावाने त्याला जिथे पाहिलं आणि त्याला जिथे खेळायचंय, त्या दोन जागांमधलं अंतर मुठा ते पुण्यातलं बालेवाडीचं क्रीडासंकुल एवढं थोडं नाही. ते अंतर मोजायचं कसं, हा या प्रकरणाचा विषय.

आधी पैशाचं बघू, कारण पारख करण्याची खरी गरज पैशाने निर्माण केली. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी सुरू झाली. पहिल्या लिलावात सगळ्यांत महाग खेळाडू होता राकेश कुमार. पाटणा पायरेट्सने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. २०१८ मध्ये मोनू गोयतसाठी हरियाणा स्टीलर्सने १ कोटी ५१ लाख मोजले, आणि २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. त्या वर्षी एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्च करता येणारी रक्कम होती ५ कोटी. म्हणजे अर्ध्याहून जास्त थैली एका माणसावर रिती झाली. उरलेल्या पैशात बाकीचा संघ उभा करायचा, तर स्वस्तात मिळणारा चांगला गडी शोधावाच लागतो. लिलावातल्या सर्वांत खालच्या ‘ड’ गटाची पायाभूत किंमत ९ लाख. त्याशिवाय ‘नवे तरुण खेळाडू’ हा वर्ग आहे. त्यातून संघ कोवळ्या पोरांना थेट करारबद्ध करतात. २०२३ पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत अंतिम फेरी गाठणाऱ्या दोन संघांतले खेळाडूही लिलावाच्या यादीत घेतले गेले. कॉलेजच्या कबड्डीचा रस्ता असा सरळ लिलावाच्या मांडवात पोहोचला.

हा रस्ता अमेरिकेत फार जुना आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये ‘वाइड रिसीव्हर’ नावाचा खेळाडू असतो. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, इशारा होताच सुसाट सुटायचं, अंगावरच्या बचावपटूला हुलकावणी द्यायची आणि लांबून फेकलेला चेंडू झेलायचा, हे त्याचं काम. दरवर्षी ३२ व्यावसायिक संघ कॉलेजमधून बाहेर पडणारे खेळाडू सात फेऱ्यांत पाळीपाळीने निवडतात. त्याआधी इंडियानापोलिसला मोठी चाचणी भरते: उंची, वजन, हाताच्या पंजाचा आकार, उडी आणि ४० यार्डांची धाव. बाजारात बैल घेताना आधी दात बघतात, तशी ही धाव. २०१७ मध्ये जॉन रॉस या पोराने ती ४.२२ सेकंदांत पूर्ण करून तेव्हाचा विक्रम मोडला. सिनसिनाटीच्या संघाने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं. पहिल्या अख्ख्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता, आणि पुढेही तो मोठा खेळाडू झाला नाही. त्याच वर्षी कूपर कप नावाचा एक खेळाडू त्याच चाचणीत ४.६२ सेकंदांत, म्हणजे त्याच्या जागेच्या मानाने संथच, धावला. तो ६९ व्या क्रमांकावर गेला. चार वर्षांनी, २०२१ च्या हंगामात, या कपने १४५ झेल आणि १९४७ यार्ड अशी कमाई केली, आणि त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला.

कपचे आकडे काही लपलेले नव्हते. कॉलेजमध्ये त्याने ४२८ झेल घेतले होते, ६४६४ यार्ड कमावले होते. पण त्याचं कॉलेज होतं ईस्टर्न वॉशिंग्टन, दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेत खेळणारं. म्हणून पारखी मंडळींनी विचारलं: एवढे झेल, पण कुणाविरुद्ध? प्रश्न बरोबरच होता, उत्तर मात्र त्यांनी घाईने दिलं. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध मिळवलेल्या आकड्याला किंमत नाही, असं धरून ते मोकळे झाले. खरं तर तिथेच थांबून बघायला हवं होतं, की हे झेल आले कसे: वेगाने आले की पावलांच्या फसवणुकीने? वेगाने आले असते, तर वरच्या पायरीवर तितकेच वेगवान बचावपटू भेटतात आणि तो फायदा संपतो. पावलांची फसवणूक मात्र पायरी बदलली तरी सोबत येते.

कबड्डीत तर वेगाचा हा मुद्दा आणखी लंगडा पडतो. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. म्हणजे बोनस रेषा ओलांडून आलेल्या चढाईपटूला जीव वाचवायला फक्त पावणेपाच मीटर मागे यायचं असतं. अंतिम रेषेपर्यंत गेला तरी साडेसहाच. एवढ्या अंतरात कुणी पूर्ण वेग पकडूच शकत नाही. शंभर मीटर धावण्यात पहिला येणारा पोरगा इथे दोन पावलांत पकडला जातो, कारण त्याच्या पायाला थांबायचं माहीतच नसतं. चढाईपटूत पाहायचं ते पहिलं पाऊल, अचानक थांबणं आणि उलट्या दिशेला अंग फेकणं. उजवीकडे झुकलेला देह पापणी लवायच्या आत डावीकडे वळतो का? वळताना त्याचा भार टाचेवर पडतो की चवड्यावर? टाचेवर पडत असेल, तर डाव्या कोपऱ्यातला गडी त्याचा घोटा धरणार हे नक्की.

म्हणून चांगले प्रशिक्षक नवा पोरगा बघताना चेंडूमागे धावावं तसे गुणांमागे धावत नाहीत. सामना सुरू असताना त्यांची नजर पोराच्या कमरेखाली असते. तो मध्यरेषेवरून आत शिरताना कुठल्या पायाने शिरतो, सारखा त्याच बाजूने जातो का, कोपरारक्षक पुढे सरकला की त्याच्या लक्षात येतं का. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तिसाव्या सेकंदाच्या जवळ आल्यावर काय करतो. चढाईला तीसच सेकंद असतात. बरेच तरुण चढाईपटू पंचवीस सेकंद हात हलवत नाचतात आणि शेवटच्या पाचांत घाबरून उडी मारतात. गावच्या सामन्यात ती उडी यशस्वी होते, कारण समोरचा बचावही तेवढाच घाबरलेला असतो. मुरलेला कोपरारक्षक मात्र त्याच पाच सेकंदांची वाट बघत उभा असतो.

आता त्या चषकांकडे वळू. समजा दोन चढाईपटूंनी एकेका सामन्यात बारा-बारा गुण मिळवले. पहिल्याने वीस चढाया केल्या. त्यातले पाच गुण बोनसचे, सात स्पर्शाचे, आणि बहुतेक वेळी समोर सहा किंवा सात गडी होते. दुसऱ्याने नऊच चढाया केल्या, आणि बारापैकी आठ गुण समोर तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना आले. गुणपत्रकावर दोघेही ‘१२’. टाळ्या बहुधा दुसऱ्यालाच, कारण त्याच्या चढायांवर लोण चढतं, ढोल वाजतो. पण पारखणाऱ्याने पहिल्याचं नाव आधी लिहावं. समोर सातजण असताना दोन्ही कोपरे आणि मध्यरक्षक एकमेकांना साखळीने जोडलेले असतात. स्पर्श करून सुटणं तिथेच खरं अवघड. तिघेच उरले की साखळी मोडते, मैदान मोकळं होतं. दुसऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी: समोर तिघे असताना पकडला गेला असता, तर अव्वल पकडीचा जादा गुण प्रतिस्पर्ध्याला मिळाला असता. ती जोखीम त्याने सांभाळली. ते कौशल्यच आहे, पण लिलावात महाग विकलं जाणारं नव्हे.

बोनसचा हिशेबही असाच सोलून बघावा लागतो. सहा किंवा अधिक गडी मैदानात असतील तरच बोनस मिळतो, म्हणून बोनस घेणारा चढाईपटू सामन्याच्या सुरुवातीला, भरल्या बचावासमोर काम करतो. ही चांगली खूण. पण फक्त बोनसवर जगणारा पोरगा समोर पाचच उरले की मुका होतो. मग येते ती तिसरी चढाई. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा, नाहीतर बाद व्हा. समोरच्यांनाही हे माहीत असतं आणि ते मागे जाऊन टपून बसतात. मुळशीतल्या कुठल्याही स्पर्धेला जाल तेव्हा माझं एक ऐका: पोराच्या सगळ्या चढाया विसरा, त्याच्या तिसऱ्या चढाया तेवढ्या वहीत लिहा. किती केल्या, किती वेळा परत आला, कुणाला शिवून आला. हा कागद चित्रफितीपेक्षा जास्त बोलतो. चित्रफितीत कधीच पकडला न गेलेला माणूस दिसतो, आणि असा माणूस कबड्डीत नसतो.

त्यात मातीचा प्रश्न आहे. मातीवर अनवाणी पाय थोडा घसरतो, आणि त्या घसरण्यावर कित्येक चढाईपटूंनी आपली वळणं बांधलेली असतात. मॅटवर बूट रुततो. जे वळण मातीत सहज होतं, तेच मॅटवर गुडघ्यावर येतं. झेपेचंही तसंच. मातीत अंग घासून दोन वीत पुढे सरकतं; मॅटवर ते जिथे पडलं तिथेच चिकटतं, आणि हात मध्यरेषेच्या अलीकडे राहतो. म्हणून फक्त मातीवर पाहिलेल्या खेळाडूबद्दल पक्कं मत देणारा माणूस मला तरी भरवशाचा वाटत नाही. विद्यापीठाच्या स्पर्धा मॅटवर होतात. आंतरविद्यापीठ पश्चिम विभागात तर वेगवेगळ्या राज्यांची बचावाची तऱ्हा एकाच आठवड्यात समोर येते. कॉलेजची कबड्डी या कामासाठी जितकी उपयोगी आहे तितकी आपल्याकडे वापरली जात नाही, असं माझं मत आहे.

वय हा दुसरा मोठा धागा. अमेरिकेतले पारखी खेळाडू कितव्या वर्षी चमकला हे फार जपून बघतात. तेवीस वर्षांच्या माणसाने अठरा वर्षांच्या पोरांना हरवणं आणि अठरा वर्षांच्या पोराने तेविशीतल्यांना हरवणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. आपल्याकडचं ठळक उदाहरण नवीन कुमारचं. फेब्रुवारी २००० चा जन्म. दबंग दिल्लीने त्याला २०१८ मध्ये नव्या तरुण खेळाडूंच्या वर्गातून घेतलं. पहिल्याच हंगामात चढाईचे १७२ गुण, आणि पुढच्या, २०१९ च्या हंगामात ३०१. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि अंगाने किरकोळ. ताकदीने नव्हे, चपळाईने गुण मिळवणाऱ्या कोवळ्या पोरात अजून ताकद भरता येते. उलट चालत नाही. वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलोंची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे आधीच ८४ किलोंचा, धडका देत मागे येणारा जवान विशीत कितीही दणकट वाटला तरी त्याच्या वाढीला जागा उरलेली नसते.

या नियमालाही अपवाद आहे, आणि तो आपल्याच मातीतला. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडी गावचा सिद्धार्थ देसाई. उंच, रुंद खांद्यांचा, पकडणाऱ्या दोघांना फरफटत मध्यरेषेपर्यंत नेणारा. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं, तेव्हा लीगमध्ये तो नवखाच होता. पहिल्या हंगामात २१ सामन्यांत त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाख लावले. त्याने तिथेही दोनशेहून अधिक गुण काढले, तरी संघ गुणतालिकेत तळाजवळच राहिला. २०२१-२२ च्या हंगामात खांदा दुखावला आणि तो तीनच सामने खेळू शकला. ताकदीवर चढाई करणाऱ्याचा खांदा हे त्याचं भांडवल, आणि तेच रोज पणाला लागतं. सिद्धार्थला घेणाऱ्या यू मुंबाने अप्रतिम पारख केली असं मी म्हणेन. त्याच्यावर चौपट पैसे लावणाऱ्यांनी मागच्या हंगामाचे गुण विकत घेतले.

दुखापतीपुढे तर कुणाचंच काही चालत नाही. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात एकाला पकडायला जाताना त्याचा गुडघा गेला आणि हंगाम तिथेच संपला. ही चूक कुणाची नव्हती. पण नव्या पोराला घेताना गुडघा, घोटा आणि खांदा यांची डॉक्टरी तपासणी गुणांच्या आधी वाचावी, एवढं त्यातून घेता येतं. गावच्या स्पर्धांत दुखावलेला गुडघा चिकटपट्टी बांधून पुढच्या शनिवारी पुन्हा मैदानात उतरतो. त्याची नोंद कुठेच नसते, आणि पोरगंही आपणहून सांगत नाही. त्याला भीती असते, की सांगितलं तर नाव कापतील.

कधी कधी खेळाडू डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. प्रदीप नरवालची सुरुवात २०१५ मध्ये बेंगळुरू बुल्सकडून झाली. सहा सामन्यांत चढाईचे नऊ गुण. त्यांनी त्याला सोडलं, पाटणा पायरेट्सने उचललं, आणि पुढच्याच हंगामात त्याचे गुण शंभरावर गेले. पाटण्याने ओळीने तीन अजिंक्यपदं मिळवली. २०१७ च्या हंगामात त्याने एकट्याने चढाईचे ३६९ गुण काढले. साखळीखालून डुबकी मारून निसटण्याची त्याची हातोटी आता शाळेतली पोरंही करून बघतात. ती कला बुल्सकडे असताना त्याच्याजवळ नव्हती? असणारच. तिला मैदानावर वेळ मिळाला नाही. बाकावरून उठून चार चढाया करणाऱ्या पोराचे गुण बघून त्याची पारख करणं म्हणजे संघाने त्याला किती विश्वासाने वापरलं याची पारख करणं होय.

इथे अमेरिकन हिशेबातलं एक चांगलं माप उपयोगी पडतं: संघाच्या एकूण कमाईतला खेळाडूचा वाटा. कॉलेजच्या संघाचे चढाईचे तीस गुण आणि त्यातले अठरा एकाचे, तर त्या पोरावर बचावाने डोळा ठेवलेला असूनही तो गुण आणतोय असं मानता येतं. पण हेच माप डोळे मिटून लावलं, तर तीन चांगल्या चढाईपटूंच्या संघातला तिसरा हिरा हातचा जातो. पुणेरी पलटणचा अभ्यास करताना हे ठळकपणे दिसतं.

अस्लम इनामदार मूळचा नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यातला, टाकळीभानचा. २०२१ च्या हंगामात मोहित गोयतसोबत तो पलटणच्या तरुण फळीतून पुढे आला. कुणी एक चढाईपटू कोटीवर घेऊन त्याच्याभोवती संघ बांधण्याऐवजी पलटणने तरुण पोरं घेतली, त्यांना एकत्र वाढवलं आणि चढाया वाटून दिल्या. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात अस्लम होता, नाशिकचा आकाश शिंदेही होता, दोघेही पलटणचे. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला अस्लमच्या नेतृत्वाखाली आणि बी. सी. रमेश यांच्या प्रशिक्षणाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं अजिंक्यपद मिळवलं. त्या सामन्याचा काटा पंकज मोहितेच्या एका चढाईने फिरवला: चार गुण, एका दमात. त्या हंगामात चढाईच्या गुणांत वरच्या पाचांमध्ये पलटणचा एकही खेळाडू नव्हता.

एखाद्या संघाने फक्त गुणांची यादी वरून खाली वाचत लिलाव केला असता, तर अजिंक्य संघाच्या चढाईपटूंपर्यंत त्याचं बोट पोहोचायलाच वेळ लागला असता. पुढच्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने अस्लम मध्येच बाहेर पडला आणि पलटण बाद फेरीपर्यंतही पोहोचली नाही. २०२५ मध्ये तो कर्णधार म्हणून परतला, प्रशिक्षक आता अजय ठाकूर होते, आणि संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीने त्यांना ३१-२८ असं हरवलं. पलटणकडून त्या रात्री चढाईत दहा गुण आले ते आदित्य शिंदे या तरुण पोराच्या नावावर.